नाइट ड्यूटीवरच्या लेकीस

प्रिय एस्तेर,

प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बायबल उघडते, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते." मागे कुठलंसं मशीन वाजत होतं आणि तुला पळायचं होतं, म्हणून बोलणं तिथेच राहिलं. आता सावकाश लिहिते. एका दमात वाचून झालं नाही तर उरलेलं उद्या वाच.

नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर वचन येतं, त्याला उत्तर द्यायचं राहिलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पाठवणाऱ्यांचा तुझ्यावर जीव आहे. पण आयसीयूत पेशंट गेलेल्या रात्रीनंतर "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" एवढंच समोर आलं तर ते टोचणारच. फिलिप्पैकरांच्या पत्रात ते लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा कैदेत होता, हे त्या गुलाबावर मावत नाही. त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याचं तो सांगतो, आणि तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं असं सरळ लिहितो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तर फटके, दगडमार, फुटलेली जहाजं सगळं मोजून झाल्यावर, मंडळ्यांची रोजची चिंता माझ्यावर आहे, हेही सांगतो. म्हणजे हा माणूस चिंतेला चांगला ओळखून होता. शिवाय ते वाक्य तिथे संपत नाही. आपली मागणी देवाला कळवा, असं पुढे आहे. ड्यूटी संपताना तू हँडओव्हर देतेस, तशी प्रार्थना केलीस तरी चालेल. कोण कसं आहे, काय करायचं राहिलं, आणि आता पुढचं तुझ्याकडे. सुंदर शब्द शोधत बसू नकोस.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला हल्ली फार आठवते. 1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय झाला, आणि लगेच ईजबेल राणीच्या एका धमकीने हा बाबा पळत सुटला. बैरशेब्याच्या पुढे रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. मग झोपला. आपल्या प्रार्थनासभेत कुणी अशी प्रार्थना केली असती तर चार जणांनी त्याला विश्वासावर उपदेश केला असता! देवदूताने उपदेश केला नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणाला. उशाशी निखाऱ्यावरची भाकर होती आणि पाणी होतं. एलीया खाऊन पुन्हा झोपला, तरी त्याला कुणी टाकून बोललं नाही. दुसऱ्यांदा उठवलं तेही खायलाच, पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणून. "इथे काय करतोस?" हा प्रश्न आला तो फार पुढे, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर.

तेव्हा बाई, सकाळी रूमवर आलीस की आधी जेव आणि झोप. बायबल उशाशी राहिलं तर राहू दे. आणि सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, घास उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. पेशंटच्या नातेवाइकांना तू हेच सांगतेस. पाळकसाहेबांची प्रार्थना आणि डॉक्टरांची गोळी एकमेकींच्या आड येत नाहीत.

वर्षात बायबल पूर्ण करायचा तो तक्ता सध्या भिंतीवरून काढून ठेव. लेवीयातले नियम वाचायची ही वेळ नव्हे. स्तोत्र 13 घे, अवघी सहा वचनं. त्यात दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? शेवटी गाण्यापर्यंत येतो खरा, पण तू पहिल्या दोन वचनांवर थांबलीस तरी तो शास्त्रपाठच झाला. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचं एक वचनसुद्धा नाही, आणि तरी ते कुणी गाळलं नाही. मला विचारशील तर रविवारी मंडळीत ते वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचायला हवं. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं स्तोत्र 121 तुला अजून येत असेल. हात धुताना म्हणत जा. पाठ असलेलं कामाला येतं. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आलं ते 22 वं स्तोत्र, आणि प्राण सोडताना 31 वं.

तुझ्या कपाटावर यिर्मयाचं 29:11 चिकटवलेलं आहे, देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत ते, ते राहू दे. फक्त त्याच्या आधीचं वचन वाच. ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना होतं आणि त्यात सत्तर वर्षांचा हिशेब आहे. घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, त्या शहराचं बरं चिंता, असं त्यांना सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना परतीची वाट दिसलीच नसणार. तरीही वचन त्यांनाच दिलेलं होतं.

आपल्याकडची पंडिता रमाबाईंची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण तिचा शेवटचा भाग लोक घाईने सांगतात. केडगावला (आपलं नगरचं नव्हे, दौंडजवळचं) मुक्ती मिशन या निराधार बायकामुलींच्या आश्रमाचा एवढा पसारा सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायला बसल्या. त्यात वर्षानुवर्षं गेली. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, आणि मुक्तीच्याच छापखान्यातून ते बायबल 1924 साली बाहेर पडलं. लेकीच्या माघारी त्या महिन्यांत एकेका वचनावर बसताना त्यांना काय झालं असेल, याचा मी आई म्हणून विचार करते. दिलासा मिळाला असेलही. एखाद्या दिवशी नुसतंच एक पान पुढे सरकलं असेल.

तुझ्या नावाच्या पुस्तकात, म्हणजे एस्तेरात, देवाचं नाव एकदाही येत नाही, हे तुला लहानपणी सांगितलं तेव्हा तू रुसली होतीस. आता ते दहा अध्याय पुन्हा वाचून बघ. एस्तेर राणीनेही आपल्या लोकांचा जीव वाचवायला राजाकडे जाण्याआधी एकटीने धीर धरला नाही, शूशनमधल्या सगळ्या यहूद्यांना आपल्यासाठी तीन दिवस उपास करायला सांगितलं. तूही सांग ना. बुधवारच्या प्रार्थनेत तुझं नाव घेऊ का, ते कळव. तू हो म्हटल्याशिवाय मी कुणाला काही बोलणार नाही.

पप्पा विचारत होते, पुढच्या महिन्यात मॅट्रनना सांगून डे ड्यूटी मिळते का. नाही मिळाली तर तुझ्या सुट्टीला आम्हीच येतो. येताना शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ आणते, आणखी काय हवं ते लिही.

तुझी,
आई