कॉइल बदलू नका, प्लग बदला

ती. आई-बाबांस सा. न.,

काल फोनवर बाबा म्हणाले की पाणी उशिरा तापतं म्हणून वायरमन गिझरची कॉइल बदलायची म्हणतोय. म्हणून हे सविस्तर लिहिते. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही.

बाबा, चतुर्थीला मी टाँग टेस्टर, वायरीला चिमट्यात धरून करंट मोजायचं यंत्र, आणला होता, आठवतो? तुम्ही त्याला खेकड्याचा डेंगा म्हणालात. आधी अख्ख्या केबलला लावलात, आकडा आला शून्य. "बघ, गिझर काही खातच नाही!" जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, म्हणून एकच वायर धरायची. मग आला ७.२ अँपियर. गिझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला ८.७ यायला हवे. वायरमन एवढंच बघून कॉइल गेली म्हणत असेल. पण त्या संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेजच १९० होतं. १९० भागिले ७.२, साधारण २६ ओहम, हा कॉइलचा अडथळा. नव्या कॉइलचाही हिशोब तेवढाच येतो. कॉइल ठणठणीत आहे. व्होल्टेज पडलं की २००० वॅटचे १४०० सुद्धा उरत नाहीत, पाणी उशिरा तापणारच. त्यात कॉइलचा काय दोष?

मला काळजी आहे ती प्लगची. दहा मिनिटांत हात लावता येईना इतका तापला होता, पिनांवर हिरवट थर. खारा वारा पितळ सोडतो होय! तिथे अर्धा ओहम अडथळा असला तरी पंचवीसेक वॅट प्लगातच जळतात. तेव्हा वायरमनला सांगा, मेन बंद करून १६ अँपियरचा सॉकेट आणि प्लग, दोन्ही नवे. वायरची टोकं काळी पडली असतील तर तेवढी कापून टाकायची. हातासरशी मेनला ३० मिलिअँपियरचा ईएलसीबीही, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको.

आई, तुझा बादलीतला रॉड १५०० वॅटचा आहे, साडेसहा अँपियर ओढतो. तो पडवीतल्या ६ अँपियरच्या प्लगला लावू नकोस. आणि पाणी तापलं का बघायला बटण बंद न करता बोट बुडवतेस, ते मी बघितलंय. आधी बटण बंद, मग प्लग काढ, मग बोट.

प्लग बदलून होईपर्यंत बंब पेटवा. नारळाची सोडणं माडाखाली पडलीच आहेत, आणि बंबाच्या पाण्याला धुराचा वास येतो म्हणून बाबांनी कुरकुरायचं नाही.

तुमची,
धाकटी