एकटीने जाण्यात चूक नव्हती

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, रविवार

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र आईने मोठ्याने वाचून दाखवले आणि नंतर मी ते पुन्हा एकदा सावकाश वाचले. जोडून आलेल्या सुट्टीत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूक नगरीला एकटीनेच जाऊन यायचे, हे तू कितीतरी महिने मनात धरून होतीस. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी दुपारनंतर पाय भरून आले, दुसऱ्या दिवशी कंबर धरली, टाचांना फोड आले आणि रात्रीच्या आतषबाजीच्या वेळी तू हॉटेलच्या खोलीत पायांखाली उशी घेऊन पडून राहिलीस, हे वाचून आम्हा दोघांनाही वाईट वाटले. परंतु पत्राच्या शेवटी ‘अशा ठिकाणी एकटीने जाणे हे माझे काम नाही’ असा जो निष्कर्ष तू काढला आहेस, तो मला मान्य नाही, आणि हे पत्र मी मुख्यतः तेवढ्यासाठीच लिहीत आहे.

तू एकटी होतीस म्हणून तुझे पाय दुखले नाहीत. उलट, एकटी होतीस म्हणूनच दुखू लागल्यावर कोणाचीही परवानगी न घेता, कोणाचाही विरस न करता तुला खोलीवर परतता आले. आम्ही बरोबर असतो तर तिकिटाचे पैसे वाया जातील या धाकाने तुला रात्रीपर्यंत ओढत नेले असते. एक्स्पेडिशन एव्हरेस्ट या रोलर कोस्टरच्या गाडीत एकट्या माणसासाठी वेगळी रांग असते आणि त्यामुळे तुझा बराच वेळ वाचला, हे तूच लिहिले आहेस. म्हणजे एकटेपणा तुझ्या कामीच आला. कमी पडली ती शरीराची तयारी, आणि ती कमी पडणे ही काही स्वभावातली खोट नव्हे. ती भरून काढता येते.

तू गेलीस ते ठिकाण मी नकाशावर पाहिले. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९७१ साली सुरू झालेले हे संकुल सुमारे १०० चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे आणि त्यात चार वेगवेगळी उद्याने आहेत. त्यांतल्या मॅजिक किंग्डम या उद्यानाच्या वाहनतळावर उतरल्यावर प्रवेशद्वारापर्यंत पोहोचायलाच मोनोरेल किंवा बोट घ्यावी लागते, आणि एपकॉट या दुसऱ्या उद्यानातील ११ देशांच्या मंडपांसाठी तळ्याला जो वळसा घालावा लागतो, तो एकटाच सुमारे २ किलोमीटरचा आहे. पहिल्या दिवशी तुझ्या घड्याळाने पंधरा किलोमीटरच्या पुढचा आकडा दाखवला, याचे म्हणूनच मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते हे, की अटलांटात घरून काम करताना टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत एवढेच चालणे होणाऱ्या मुलीने तो आकडा गाठला. अमेरिकेत जाऊन ‘महाराजा जंगल ट्रेक’ नावाची वाट तुडवायची आणि तिथे आपल्याकडच्या पडक्या वाड्यांसारख्या भिंती पाहायच्या, हा भाग मात्र आईला फार गमतीचा वाटला.

चालण्यापेक्षा उभे राहणे तुला अधिक भारी पडले असावे, असा माझा अंदाज आहे, आणि या विषयात मला थोडेफार कळते असे मी म्हणू शकतो. पूर्व भागातल्या कारखान्यात मागावर पाळ्या करताना आम्ही शहाबादी फरशीवर तासन्‌तास उभे असायचो. नवखा पोरगा एका जागी ताठ उभा राहायचा आणि पाळी संपताना त्याच्या पायांना सूज आलेली असायची. जुने कामगार मात्र तार तुटली तर जोडायला, धोट्यातली कांडी बदलायला, नाही तर उगाचच दोन मागांमध्ये सतत येरझाऱ्या घालायचे. त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी समजावले. पोटरीचे स्नायू आवळले आणि सैल झाले की पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते; माणूस एका जागी थिजून उभा राहिला की हे काम थांबते, रक्त खाली साचते, पाय जड होतात आणि कधी कधी चक्करही येते. तुझ्या त्या लांबलचक रांगांमध्ये नेमके हेच झाले असणार. पुढच्या वेळी रांगेत टाचा उचलून चवड्यांवर उभी राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घे. लोक बघतील, पण त्यांचे पायही दुखतच असतात.

दुसरी गोष्ट हवेची. ‘सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या मला ३३ अंशांनी लोळवले’ असे तू लिहिलेस, त्यावर आई हसली, पण त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तरी हवा कोरडी असते, आलेला घाम वाळतो आणि तो वाळतानाच अंग थंड होते. फ्लोरिडाच्या दमट हवेत घाम नुसता अंगावरून ओघळतो, वाळत नाही. मग अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि ज्याला श्रमाची सवय नाही त्याला तेवढ्यानेच दम लागतो. त्यात तू दिवसभर थंडगार कॉफीवर राहिलीस. तिथल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर मागितले तर पिण्याचे पाणी फुकट मिळते, तेव्हा पाण्यासाठी कंजुषी करण्याचे कारण नव्हते, आणि इतका घाम गेल्यावर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे आपले नेहमीचे मिश्रण कोणत्याही महागड्या पेयापेक्षा चांगले.

तुझ्या वेळापत्रकात मला एक गोष्ट खटकली. स्पेसशिप अर्थ, किलिमांजारो सफारी, पीपलमूव्हर, आणि प्रेक्षागारच रंगमंचाभोवती फिरते ते कॅरूसेल ऑफ प्रोग्रेस, अशा बसून पाहण्याच्या गोष्टी तू ‘म्हाताऱ्यांच्या’ म्हणून शेवटी ठेवल्यास, आणि त्यांतली फक्त सफारी तुझ्या हाती लागली. या गोष्टी दुपारी बारा ते चार या वेळेत विखरून ठेवल्या असत्या तर संध्याकाळसाठी पाय शिल्लक राहिले असते. तिथे भाड्याने मिळणारी चाकाची खुर्ची घ्यायला तू लाजलीस, तेही मला पटले नाही. ज्याला गरज आहे त्याने ती घ्यावी.

आता पुढचे. वर्षाचे शुल्क भरून जिममध्ये नाव घालण्याचा तुझा विचार तूर्त बाजूला ठेव, असे माझे मत आहे. वजनाबद्दल मी एक शब्दही लिहिणार नाही. ते काम तुझी आत्या न सांगता करतेच. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी तू लहानपणापासून पाहिले आहेस. ६८ लिंगांच्या मार्गावर ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालणारी ही माणसे काही पैलवान नसतात. कोणी दुकानदार असतो, कोणी कारकून. पण संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून त्यांचा सराव सुरू असतो, आणि तो सराव नंदीध्वजाचाच असतो, दुसऱ्या कशाचा नाही. तुलाही दिवसभर चालायचे आणि उभे राहायचे आहे, तर सरावही त्याचाच कर.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम सांगते. सुरुवातीला रोज वीस-पंचवीस मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाल, आणि दर आठवड्याला त्यात थोडी भर घाल. भांडी घासताना टाचा उचल, खुर्चीवरून हात न टेकता उठबस कर, लिफ्टऐवजी जिना चढ. महिनाभराने सुट्टीच्या दिवशी, ज्या बुटांत आणि जी पिशवी घेऊन तू जाणार आहेस तेच घालून, तीन तास चालून ये. नवे बूट घालून थेट प्रवासाला निघणे पुन्हा नको. मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवून दुपारी बदल, कारण फोड येतात ते ओलाव्याने आणि घासण्याने. शेवटच्या महिन्यात शनिवार आणि रविवार लागोपाठ दोन्ही दिवस लांब चाल, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुझा पहिला दिवस कसाबसा निभावला होता, मोडलीस ती दुसऱ्या दिवशी. न सवयीच्या श्रमाने स्नायूंचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शिगेला पोहोचते, आणि एका दिवसाच्या सरावाने त्याची ओळख होत नाही.

एवढे केलेस तर फेब्रुवारीत पुन्हा जा, आणि एकटीच जा. तेव्हा तिथली हवाही सौम्य असते. चारही उद्याने पाहण्याचा हट्ट सोडून दोनच निवड, मध्ये एक पूर्ण दिवस विश्रांतीचा ठेव, आणि आतषबाजी पाहायची असेल त्या दिवशी दुपारी खोलीवर येऊन दोन तास झोप काढ. पैसे कमी पडले तर सांग, संकोच करू नकोस.

जिना उतरताना उजव्या गुडघ्यात टोचते असे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, ते मात्र मला दुर्लक्ष करण्यासारखे वाटत नाही. चालणे वाढवण्यापूर्वी ते तिथल्या फिजिओथेरपिस्टला दाखव, आणि त्यांनी काय सांगितले ते पुढच्या रविवारी फोनवर कळव.

तुझे,
बाबा