बाबांचं पेन माझ्याकडे आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुमचं रत्नमचं पेन माझ्याकडे आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तरी स्वस्थपणे वाचाल. दिवाळीत निघायच्या आदल्या रात्री मी ते तुमच्या खणातून काढलं आणि मोज्यात गुंडाळून बॅगेत टाकलं. तेव्हापासून तुम्ही आईला म्हणताय की तूच रद्दीबरोबर दिलंस, आणि मी इकडून फोनवर साळसूदपणे "मिळेल हो, कुठे जातंय" करतेय. आई, नऊ महिने तुझ्यावर आळ राहिला. सोलापुरी चादर मागितलीस तर तीही आणीन.

नेलं ते दुरुस्त करून आणायला. "खरखरतं आताशा" म्हणून तुम्ही ते खणात टाकलं होतं ना? मला वाटलं, इथे कुणाकडून तरी निब घासून आणावी आणि पुढच्या खेपेला हातात ठेवावी. इथे वॉशिंग्टनला दर ऑगस्टमध्ये पेनांचं मोठं प्रदर्शन भरतं, जगातल्या मोठ्यांपैकी एक. आमच्या घरापासून फार लांब नाही, व्हर्जिनियातल्या एका हॉटेलात. गेल्या शनिवारी तिथे गेले होते.

आपल्याकडे प्रदर्शन म्हटलं की काचेची कपाटं आणि "हात लावू नये". इथे उलटं. लग्नाच्या हॉलसारखा हॉल, टेबलांच्या रांगा, मखमलीच्या तबकांत ओळीने पेनं, आणि जो तो हात लावतोय, टोपण उघडतोय, लिहून बघतोय. जपानी पेनं मी लांबूनच पाहिली. उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे थरावर थर देतात आणि ओल्या थरावर सोन्याची पूड भुरभुरवून चित्र काढतात. किंमत विचारली आणि हळूच हात मागे घेतला. तेवढ्यात आपली जुनी मारुती आली असती. खरं सांगू, ती पेनं बघून "वा" म्हणावंसं वाटतं, लिहावंसं नाही.

शाईच्या टेबलाशी मात्र तासभर रमले. उघड्या बाटल्या, टाक, कागद. बुडवा आणि लिहा. सगळे आपापलं नाव लिहीत होते. मी रुंद, चपट्या टोकाच्या निबेने "श्री" काढला, तर शेजारच्या बाई बघत राहिल्या. पण अक्षर काही जमेना, जाड रेघ नको तिथे पडत होती. मग आठवलं, बाबा, तुम्ही अंगणात बोरू तासून द्यायचात तेव्हा म्हणायचात, इंग्रजीचा काप वेगळा, आपला उलट्या बाजूला तिरका. ही निब इंग्रजीचीच. बोटं अजून निळी-जांभळी आहेत, ऑफिसात सगळ्यांनी विचारलं.

आणि एका टेबलावर आपलीच पेनं! तिरुवल्लूरची, रंगा कंपनीची, लेथवर हाताने घडवलेली एबोनाइटची. मी आधी एक उचलून अंगठ्याने घासलं आणि हुंगलं. तोच वास, तुमच्या खिशाचा. टेबलवाले हसले, म्हणाले, एबोनाइटवाला माणूस असाच ओळखू येतो. रबरात गंधक घालून तापवतात, त्या गंधकाचा वास. मग मी मोज्यातून तुमचं काढलं. त्यांनी दिव्याखाली फिरवून पाहिलं. काळं होतं ते आता शेवाळी-तपकिरी झालंय ना, ते मळाने नाही, उजेडाने. आणि कोमट पाण्यात भिजवून ठेवायची तुमची पद्धत बंद करा, त्याने रंग आणखी उतरतो. गार पाणी, तेही थोडा वेळ.

त्यांना मी तुमची गोष्ट सांगितली. बँकेतल्या मित्राच्या लग्नाला राजमहेंद्रीला गेलात आणि आहेराच्या पैशातून उरलेले तिथे पेनावर घातलेत, ही. आणि गांधीजींचीही: 1935 साली वर्ध्याहून त्यांनी राजमहेंद्रीच्या या पेनवाल्या रत्नमना पत्र लिहून कळवलं होतं की बाजारातल्या परदेशी पेनांना हे चांगला पर्याय वाटतं. लहानपणी ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की वर्धा म्हटलं की मला आश्रमाआधी पेन आठवतं.

आई, आता तुझ्यासाठी. बाबांच्या शर्टांच्या खिशांवर इतकी वर्षं जे डाग पडले, त्यात बाबांचा दोष अर्धाच आहे. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात शाई कमी होत गेली की वर हवा वाढत जाते. खिशात अंगाची ऊब लागली की ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. उपाय एकच, अर्ध्यावर आली की भरायची. बाबा तळ दिसेपर्यंत वापरायचे, हा उरलेला अर्धा दोष.

शेवटी निबवाल्याकडे गेले. सकाळीच नाव लिहून ठेवलं होतं, नंबर दुपारी तीनला लागला. म्हातारे गृहस्थ, पुढ्यात बोटभर चाक असलेली छोटी मोटर, डोळ्याला भिंग. त्यांनी आधी मला लिहायला लावलं, खरखरलं. मग स्वतः इंग्रजी आठाचे आकडे काढत पेन बोटांत थोडं थोडं वळवत गेले, आडवं करत गेले, आणि एका जागी आवाज थांबला. एकदम लोण्यासारखं चालायला लागलं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. निबेच्या टोकाला जो कठीण धातूचा मणी असतो ना, तो एका बाजूने झिजून सपाट झालाय, जात्याच्या पाळीसारखा. म्हणाले, निब बिघडलेली नाही. ज्याचं पेन आहे तो ते असं आडवं, डावीकडे जरा कलतं धरायचा. इतकी वर्षं तसंच धरून त्याने ही जागा घासून घेतलीय. तिथे धरलं तर याच्याइतकं गुळगुळीत या हॉलमध्ये दुसरं नसेल. जरा उभं धरलं की सपाटीची कड कागदाला लागते.

पेन होतं तसंच आहे, बाबा. तुमचा हात बदललाय. दिवाळीत मी बघत होते, तुम्ही आता पेन टोकाजवळ घट्ट धरता, उभं, म्हणजे कापरं कळत नाही. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. चेक परत आला तेव्हाही "बँकेतली नवी पोरं" म्हणून विषय बदललात. तीस वर्षं काउंटरवर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्यात तुम्ही, तुम्हाला काय सांगायचं. डॉक्टरांकडे जायचं मात्र आता टाळू नका, तारीख आईने घ्यावी.

निबवाले म्हणाले, कड गोल करून देतो, दहा मिनिटांचं काम. पण काढलेला धातू परत बसवता येत नाही, ती जुनी जागा गेली की गेली. दुसरा रस्ता म्हणजे ही निब काढून डबीत ठेवायची आणि तिथे नवी बसवायची. तुमची निब खालच्या, शाई आणणाऱ्या जिभेवर नुसती ठेवून आत दाबलेली असते, त्यामुळे सोपं आहे. मला दुसरा बरा वाटतो. पण पेन तुमचं, मी काहीच करून घेतलं नाही. त्यांनी निघताना एवढंच सांगितलं, आधी तो माणूस आता कसा लिहितो ते दाखव, टपालाने पेन पाठव, मग बोलू.

तेव्हा आई, एक व्हिडिओ काढून पाठव. चेहरा नको, नुसता हात, डावीकडून, खिडकीच्या उजेडात. कुठलंही पेन चालेल. सही करायला सांगू नकोस, सही म्हटलं की ते ताठ बसतील. भाजीची यादी लिहायला सांग, चांगली लांब, आणि मोबाइल धरलायस हे त्यांना कोथिंबिरीपर्यंत कळू देऊ नकोस.

तुमची,
मनू