शिवराकाच्या दिवशी तू आमच्याबरोबर जेवायचीस

पुणे, आषाढ वद्य दशमी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यात मी आठ दिवसांची रजा काढून गावाला आले आणि चौथ्या दिवशी परत निघाले. तेव्हापासून आपण फोनवर पाऊस, लावणी आणि बाबांच्या चष्म्याचा नंबर एवढंच बोलतो. "जेवलंस गो?" हा आईचा पहिला प्रश्न असायचा. गेले दोन महिने तो आलेला नाही. फोनवर हे सगळं बोलायला गेले की मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या दुपारचं. बाबा, गुडघे दुखत असताना तुम्ही वाळू तुडवत लिलावाला गेलात आणि सुरमई घेऊन आलात, कारण लेक आली होती. आईने तुकड्या तळल्या, तिरफळं घालून सार केलं. मासे, अंडी, दूध सोडून मला तीन वर्षं झाली हे मी फोनवर सांगितलं होतं. तुम्हाला वाटलं, शहरात पाळत असेल, घरी आली की खाईल. त्यात तुमचं काही चुकलं नाही. मी मात्र ताट सरकवलं आणि पिशवीतून सोया दुधाचा खोका आणि प्रथिनांच्या पावडरीचा डबा काढून पानाशेजारी ठेवला. आईच्या स्वयंपाकघरात, आईच्या डोळ्यांदेखत. संध्याकाळी मागल्या पडवीत भांडी घासताना आई एवढंच म्हणाली, "मासे खाऊचे नाय, तर घराक येतस कित्याक?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देते.

आई, मी मासे सोडले ते तुझ्या हाताला कंटाळून नाही. दूध आधी सुटलं. कामानिमित्त एका मोठ्या गोठ्यावर दोन दिवस होते, तिथे दोन दिवसांचं वासरू वेगळं बांधलेलं होतं आणि पलीकडे त्याची आई रात्रभर हंबरत होती. पाडा होता, म्हणजे त्यांच्या हिशोबात निरुपयोगी. मला त्यानंतर चहात दूध घालवेना. आपल्या तांबूची गोष्ट वेगळी होती हे मला माहीत आहे. तू तिच्या वासराला आधी सोडायचीस आणि उरलेलं काढायचीस. पण मी पुण्यात पिशवीतून जे घेत होते ते तांबूचं नव्हतं. माशांचं तर बाबा, तुम्हीच सांगत आला आहात. लिलावात वीतभर सुरमई दिसायला लागली, पोटात गाबोळी धरायच्या आधीच पकडतात, पुढे पोरांना समुद्रात काय मिळणार, हे तुमचे शब्द. ते तुम्ही बोलून विसरलात, मी विसरले नाही.

इथे या खाण्याला व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला. दूध आणि अंडंही न खाणाऱ्यांना वेगळं नाव हवं होतं. मी तीन वर्षं तो शब्द वापरला आणि त्या नादात आपल्याकडे त्याच्या फार जवळ जाणारा शब्द आहे हे विसरले. शिवराक! म्हणजे मासे, मटण, अंडं नसलेलं जेवण. सोमवार शिवराक, गुरुवार शिवराक, एकादशी, संकष्टी आणि अख्खा श्रावण. चहातलं आणि ताकातलं दूध वगळलं तर त्या दिवसांत आपल्या घरात जे शिजायचं ते मी आज खाते तेच आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या काजूंची उसळ, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, घावणे आणि नारळाचा रस, सोलकढी. पावसाळ्यात टाकळा, फोडशी, कुर्डू, फागलां, भारंगी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी असते. ती येण्याआधीही किनाऱ्यावरची माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बाहेर काढत नव्हतीच. सुकं बांगडं संपलं की त्या दिवसांत आपण याच पाल्यावर आणि कडधान्यांवर तर राहायचो.

गेल्या महिन्यात इथल्या एका चकचकीत दुकानात मी शेवग्याच्या पाल्याची भुकटी पाहिली. मोरिंगा सुपरफूड, १०० ग्रॅम, चारशे रुपये. गोकुळाष्टमीला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आपण जी भाजी करतो, तीच ही. परसातल्या शेवग्यावर तुम्ही मला चढवायचात आणि आई खालून ओरडायची, फांदी कचकी आसा, उतर. त्या दुकानात मी डबा हातात घेऊन उभी राहिले आणि मला मे महिन्यातला तो माझा सोया दुधाचा खोका आठवला. तुझ्याकडे नारळ होते, कुळीथ होते, काजू होते. मी फक्त "आई, चार दिवस शिवराक करशील?" असं म्हणायला हवं होतं. तू आनंदाने केलं असतंस. सुरमईही शिजली असती, मीही जेवले असते, आणि कोणी पडवीत जाऊन बसलं नसतं.

आता जे लिहिते ते आजवर तुला कधी बोलले नाही. लहानपणी माशांच्या दिवशी तुकड्या मोजलेल्या असायच्या. आजोबांना दोन, बाबांना दोन, काकांना दोन, आम्हा पोरांना एकेक, पाहुणा आला तर आमची अर्धी. तू सगळ्यांचं उरकल्यावर बसायचीस, आणि तुझ्या पानात डोकं, शेपूट आणि टोपाला लागलेलं सार असायचं. मी विचारलं की म्हणायचीस, माका डोक्याचाच आवडता. मी तिसेक वर्षं ते खरं मानलं. तुकडी मोजता येते म्हणून ती संपते, आणि ती कुणाच्या पानापर्यंत पोचत नाही हे आधीच ठरलेलं असतं. सांबारं डावाने वाढतात. टोप मोठा, वाटाणे भिजवून दुप्पट झालेले. शिवराकाच्या दिवशी तुझ्या पानात आमच्याइतकंच असायचं, आणि बरेचदा तू आमच्याबरोबरच बसायचीस, कारण तव्यासमोर उभं राहून कुणाला गरम तुकडी द्यायची नसायची. मला ते दिवस आवडायचे. का आवडायचे हे आत्ता आत्ता कळतंय.

म्हणून तुझ्या खाण्याविषयी मला बोलायचं आहे, माझ्या नव्हे. तू सत्तरीला आलीस, वजन ४८ किलो. वय वाढलं की स्नायू झिजतात आणि शरीराला प्रथिनं कमी नाही, उलट जास्त लागतात. किलोमागे निदान एक ग्रॅम धरायचं, म्हणजे तुला दिवसाला पन्नासेक ग्रॅम. भात आणि साराच्या पाण्यावर ते होत नाही. कुळथात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मोड आणून दळलीस तर ते अंगी जास्त लागतं. तू नाचणीची आंबील बाबांना करून देतेस, स्वतः एक वाटीही घेत नाहीस. मासे तू सोडावेस असं मी म्हणत नाही. खायचे असतील तर मधली तुकडी खा.

बाबा, आता तुमचं. फळीवर मी तो हिरव्या पावडरीचा डबा पाहिला. महिन्याला अडीच हजार रुपये देऊन तुम्ही तो ओळखीच्या माणसाकडून घेता, आणि तो म्हणाला म्हणून रात्रीची साखरेची गोळी बंद केलीत, हे आईने सांगितलं. तिच्यावर रागावू नका. तीन महिन्यांची साखर गेल्या वर्षी ७.१ होती, परवाच्या रिपोर्टात ९.२ आहे. तुम्ही मला म्हणालात, झाडपाल्याचा औषध अपाय करीत नाय, आणि तू तरी झाडपालाच खातस ना?

खातेच. पण मी कोकम सोलकढीत खाते. कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेचा अर्क काढून वजन घटवायच्या गोळ्या विकतात, आणि त्या घेतल्यावर यकृत बिघडल्याचे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. केरळात तेच फळ माशाच्या कालवणात घालून पिढ्यान्‌पिढ्या खातात. झाड तेच, मात्रा वेगळी आणि रोजचा रतीब वेगळा. तुमच्या डब्यावर तर आत काय किती आहे हेही धड लिहिलेलं नाही. नाचणी खा, कारल्याची भाजी खा, मेथ्या भिजवून खा, मी अडवणार नाही. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. हे मी हात जोडून सांगते.

आणि "नैसर्गिक" या शब्दावर मीही भुलले होते, म्हणून मला हे सांगायचा अधिकार आहे. पहिलं दीड वर्ष मी बी-१२ ची गोळी घेतली नाही. आमच्यातल्या कुणीतरी सांगितलं, स्पिरुलिना खा, त्यात सगळं असतं. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न चालणारं, नुसतं बी-१२ सारखं दिसणारं. खरं बी-१२ जिवाणू बनवतात. ते आपल्याला मासे, अंडी, दूध यांतून मिळतं, झाडपाल्यातून मिळत नाही. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून लगेच कळतही नाही. माझ्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली, रात्री मुंग्या यायच्या, जिना उतरताना पाऊल कुठे पडतंय ते समजायचं नाही. तपासणीत ११८ आलं, दोनशेच्या खाली म्हणजे कमतरताच. इंजेक्शनं घेतली, आता नेमाने गोळी घेते. हे मी तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण तुम्ही म्हणाला असता, बघ, मासे सोडलेस म्हणून झालं. ते खरंच होतं. सोडताना जे भरून काढायला हवं होतं ते मी काढलं नाही.

बाबा, तुमची साखरेची जुनी गोळी मेटफॉर्मिनची आहे. ती अनेक वर्षं घेतली की मासे खाणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकतं. तुमच्या तळपायाला जी जळजळ होते ती साखरेची असेल किंवा याची असेल, दोन्हीचीही असेल. एक रक्ताची तपासणी आहे, करून घ्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायची आहे, म्हणजे गावात कोणी काही म्हणालं तर तुम्हाला माझं मत माहीत असावं. वीस वर्षांपूर्वी इथे खोली शोधताना एका घरमालकाने दारातच विचारलं होतं, मासे खाता का? हो म्हटल्यावर दार लागलं. आता शेजारच्या एक बाई मला म्हणाल्या, "बरं झालं सोडलंत, किती शुद्ध वाटत असेल ना!" मी त्यांना म्हणाले, माझ्या आईच्या घरात अशुद्ध काही कधी शिजलं नाही. मी खाणं बदललं ते वासरासाठी आणि समुद्रासाठी. कोणाच्या वरचढ व्हायला नाही. लिलावातून पाटी डोक्यावर घेऊन दारोदार जाणाऱ्या बाया, तुमच्या त्या सुरमईच्या तुकड्या, आपल्याकडचा गौरीला तिखटाचा निवेद्य, या कशाचीही मला लाज वाटत नाही आणि कुणी ती वाटायला लावायला आलं तर मी वाटून घेणारही नाही.

मी गोकुळाष्टमीला येते आहे. पाच दिवसांची रजा मंजूर झाली, आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने पोचेन. सोबत खोके-डबे काही आणणार नाही. बी-१२ च्या गोळ्या तेवढ्या असतील, तुमच्याही. चहा मी गवती चहाचा बिनदुधाचा घेईन, तुमचा दुधाचाच होऊ दे. श्रावण संपल्यावर पुढच्या खेपेला मासे आणलेत तर मी साफ करायला बसेन, मला अजून येतं.

बाबा, शेवग्याच्या खालच्या फांद्या तोडू नका, पाला मी काढेन. आई, आंबोळीचं पीठ आदल्या रात्री भिजवून ठेव आणि काळे वाटाणे जास्त घाल, उरले तर दुसऱ्या दिवशी लागतील. सांबाऱ्याचं वाटप तू भाजायचंस, माझं नेहमी करपतं आणि मला तुझ्या शेजारी उभं राहून शिकायचं आहे. आंबोळ्या मात्र मी घालणार. तू बाबांच्या शेजारी पाटावर बसायचं, आणि पहिली आंबोळी तुझ्या पानात पडेल.

तुमची,
बाय