पँडाज आणि न्यूमपायचा तंटा मिटवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

तालुकावार पावसाचे तक्ते काढणारा आमचा पायथन प्रोग्राम जुन्या संगणकावर बिनतक्रार चालत होता. नव्या संगणकावर मात्र पँडाज (तक्ते हाताळणारे तयार पॅकेज) आयात करणाऱ्या ओळीवरच तो अडला आणि न्यूमपायच्या (पँडाज ज्यावर उभे आहे त्या आकडेमोडीच्या पॅकेजच्या) ‘डीटाइप’चा, म्हणजे माहितीचा प्रकार नोंदवणाऱ्या रचनेचा, आकार बदलला आहे, अपेक्षित ९६ आणि मिळाले ८८, अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. ‘सगळे काढा आणि पुन्हा टाका’ हा सल्ला अनेकांनी दिला. तसे केल्यावरही संदेश हटला नाही. आपण कशालाही हात लावण्याआधी तो संदेश शब्दशः वाचलात, याबद्दल हे जाहीर आभार.

ते आकडे बाइटचे आहेत, हे आपल्यामुळे कळले. पँडाजची आमची प्रत ज्या रचनेला ९६ बाइट लागतील असे धरून कंपाइल (म्हणजे यंत्राच्या भाषेत तयार) झाली होती, ती रचना समोर आलेल्या न्यूमपायमध्ये ८८ बाइटची होती. जून २०२४ मध्ये आलेल्या न्यूमपाय २.० ने हा अंतर्गत साचा बदलला, त्यामुळे जुन्या १.x आवृत्त्यांवर कंपाइल केलेली पॅकेजेस त्याच्याशी जुळेनात. प्रोग्रामला लागणाऱ्या पॅकेजांच्या आमच्या यादीत पँडाज २.०.३ पक्के लिहिलेले होते, न्यूमपायचा मात्र उल्लेखच नव्हता. आणि पँडाजच्या त्या आवृत्तीने न्यूमपायची किमान आवृत्ती सांगितली असली तरी कमाल मर्यादा घातलेली नसल्याने पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, बेलाशक नवी आवृत्ती आणली. गंमत म्हणजे ‘पिप चेक’ सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देत होते, कारण ते फक्त पॅकेजांनी जाहीर केलेल्या अटी ताडून पाहते, कंपाइल झालेल्या फाइलींच्या पोटात डोकावत नाही.

न्यूमपाय नेमके कोणत्या फोल्डरमधून उचलले जाते, हे आपण त्याच पायथनकडून छापून घेतलेत आणि मगच वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोग्रामच्या पॅकेजांसाठी स्वतंत्र जागा) करून त्यात न्यूमपाय १.२६.४ बसवलेत. न्यूमपाय २.० शी जुळणाऱ्या पँडाज २.२.२ वर जाण्याचा मार्गही खुला होता. परंतु अहवालाची मुदत तोंडावर असताना पँडाजची आवृत्ती बदलू नये, हे आपले मत मला पूर्ण पटले. नवे तक्ते जुन्यांशी ताडून पाहिले, ते तंतोतंत जुळले. दोन्ही पॅकेजांच्या आवृत्त्या आता यादीत लिहिल्या आहेत आणि पँडाजची नवी आवृत्ती पावसाळा संपल्यावर स्वतंत्रपणे तपासणार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
तक्ते विभागातील एक सहकारी