पाच हजार नकोत, थर्मास चालेल

इंदूर,
रविवार, दुपार

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललास त्यावर मी नुसतं "बघते" म्हणाले, कारण इकडे कुकर शिट्ट्या देत होता आणि तिकडे तुला कोणी तरी हाक मारत होतं. म्हणून हे पत्र. पोस्टातून कागद आला म्हणून हसू नकोस. बत्तीस वर्षं बँकेत लेजरं लिहिलेला हात आहे, मोबाइलवर टाइप करायला बसले की निम्मं विसरते.

तुझं म्हणणं असं की या गुडघ्यांनी आठवड्यातून दोनदा इथल्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलच्या आवारात जाऊन उभं राहायची मला गरज काय. तू दरमहा पाच हजार एखाद्या ट्रस्टला पाठवशील, मी घरी बसावं. आणि मग तू आवाज खाली आणून विचारलंस, "वरच्या काकू तुला कशात ओढत तर नाहीत ना? ते चर्चचे लोक..." वाक्य पुरं केलं नाहीस, पण कळलं मला.

तेच आधी सांगते. हा संशय मलाही होता. पहिला महिनाभर मी काकूंबरोबर जायचे ती ऑडिटर होऊन. काय बोलतात, पिशवीत काय आहे, कोणाच्या हातात काय देतात. पिशवीत निघायचं काय, तर पोळ्यांचे डबे, पेन, स्टॅपलर, व्हॅसलिनची डबी आणि गरम पाण्याचा थर्मास. रिक्षातून उतरण्याआधी काकू अर्धा मिनिट डोळे मिटतात, तेवढाच त्यांचा धर्म मला त्या आवारात दिसला. एकदा एका म्हातारीनेच त्यांना म्हटलं, "तुम तो गिरजा वाली हो न, मेरे लड़के के लिए बोल दो." तेव्हा त्या तिचा हात धरून दोन वाक्यं बोलल्या. मी शेजारी उभी राहून रामरक्षा म्हटली. मुलगा आठ दिवसांनी घरी गेला. कोणाच्या खात्यात जमा धरायचं ते तू ठरव.

आपल्या मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतरासंबंधी कायदा आहे, २०२१ मध्ये नवा आला. काकूंना तो माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. म्हणून त्या साधी प्रार्थनेची पुस्तिकासुद्धा जवळ ठेवत नाहीत. एका दुपारी कोणा उत्साही पोरांनी त्यांना पिशवी उघडून दाखवायला लावली होती. जन्मभर नर्सिंग केलेली बाई, निमूटपणे डबे एकेक करून बाकावर मांडत होती. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! काकू मात्र त्या पोरांना म्हणाल्या, "पोळी खाणार का, गरम आहे." एकाने खाल्लीसुद्धा.

काकू मूळच्या नगरकडच्या हे तुला माहीत आहे. त्यांची पणजी मात्र आपल्याच बाजूची, मध्य प्रांतातली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई तिकडे गेल्या होत्या आणि उपाशी, बेवारस मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या. तीनशेच्या घरात मुली होत्या. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळे भुकेची ओळख त्यांना कोणी करून द्यायला नको होती. त्या तीनशेत काकूंची पणजी. गावाचं नाव तिला सांगता येत नव्हतं, एवढी लहान. काकू हे सगळं पोळ्या लाटता लाटता सांगतात, जसं आपण मावशीच्या लग्नातली भांडणं सांगतो.

आता गुडघ्यांचं. तिथे मी करते काय, ते तुला नीट ठाऊक नाही. पोळी-भाजी वाटणं हा भाग वीस मिनिटांत संपतो. (खिचडी आम्ही नेत नाही. काकूंचं मत असं की खिचडी आजाऱ्याला. बरोबर आलेला माणूस धडधाकट असतो, त्याला चावायला काही तरी हवं.) खरं काम कागदांचं. अलीराजपूर, झाबुआ, बडवानी, खरगोन, कुठून कुठून माणसं येतात. पेशंट वर वॉर्डात आणि खाली भाऊ, बाप, बायको हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभे. पिशवीत सगळे कागद असतात, पण कोणता कशासाठी हे सांगणारं कोणी नसतं. आयुष्मान कार्ड असलं की कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज निघतो. पण कार्डासाठी मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी लागतो आणि तो दोन प्रकारचा, कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. लोक एक विचारला की दुसरा दाखवतात. आधारवर नाव "केरसिंह", रेशनकार्डावर "केरसिंग", झालं, खिडकीतून परत. हे मी जन्मभर केलेलं काम आहे रे. फक्त खिडकीच्या आतल्या बाजूला बसून.

मागच्या शनिवारी एक आजोबा होते. सुनेला दाखल केलेलं, मुलगा गुजरातेत मजुरीला. त्यांचा अंगठा मशीन घेईना. चार वेळा लाल दिवा. ऑपरेटर पोरगा तसा बरा, पण मागे लाइन लागलेली. तो म्हणाला, "बाबा, कल आना." आजोबा अंगठ्याकडे बघत राहिले, जणू काही चूक अंगठ्याचीच. जन्मभर कुदळ-विळा धरलेला अंगठा, रेषा घासून गुळगुळीत झालेल्या. काकूंनी त्यांना बाजूच्या कट्ट्यावर बसवलं, थर्मासमधलं कोमट पाणी झाकणात ओतलं आणि त्यांचा अंगठा त्यात बुडवून धरला. आपण लहान मुलाच्या बोटातला काटा काढायच्या आधी धरतो ना, तसा. मग पदराने टिपला, व्हॅसलिनचं बोट फिरवलं, पुन्हा पुसला. एवढं होईपर्यंत आजोबा अवघडून दुसरीकडे पाहत होते. त्यांचा हात असा कोणी धरून किती वर्षं झाली असतील, देव जाणे. मी तेवढ्यात लाइनीत त्यांची जागा धरून उभी. सहाव्या खेपेला हिरवा दिवा लागला. ऑपरेटरच ओरडला, "आ गया भिया!"

आता तुला एक सांगते, जे तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं. मी ज्या ब्रँचला होते तिथे एक म्हातारी विधवा पेन्शन घ्यायला यायची. सही करायची, अंगठा नाही, याचा तिला मोठा अभिमान. हात कापायला लागला तसा सहीचा मेळ बसेना. मी तिला तीन वेळा परत पाठवलं. नियमाने बरोबरच होतं. मॅनेजरकडे घेऊन गेले असते तर पाच मिनिटांचं काम होतं, पण मार्चएण्ड होता आणि मी खुर्चीतून उठले नाही. चौथ्या खेपेला तिने आपणहून अंगठा उमटवला, आणि शाई पुसायला मी दिलेला कागद घेतला नाही. पदरालाच पुसून गेली. आजोबांचा अंगठा टिपताना काकूंचा पदर पाहिला आणि तो निळा डाग मला जसाच्या तसा दिसला. तुझे पाच हजार कुठल्याही ट्रस्टला जातील, पण ते त्या खिडकीसमोर उभे राहणार नाहीत.

तुझ्या आजोबांची गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. ख्रिश्चन कॉलेजात शिकताना ते वार लावून जेवायचे, हे तुला माहीत आहे. (ते कॉलेज १८८७ चं, कॅनडातल्या मिशनऱ्यांनी काढलेलं. तुला किशोरकुमार तिथे शिकला एवढंच आठवतं.) सातातले पाच वार लागले होते, दोन दिवस शेंगदाणे आणि पाणी. मंगळवारच्या घरी पक्वान्न असायचं, पण पान मागच्या पडवीत आणि पोळ्या मोठ्याने मोजून. बुधवारच्या घरी वरण-भात-ताक, बस. पण त्या बाई शेजारी पाट घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, "आज कॉलेजात काय शिकवलं रे?" म्हातारपणी त्यांना माझं नाव आठवेनासं झालं होतं, तरी बुधवार आठवत होता. मंगळवारचं पक्वान्न कोणतं, ते काही केल्या सांगता यायचं नाही.

तू म्हणशील, आई, यात धोका आहे, जमाना बरा नाही. खरंय. उदयनगरच्या नन, सिस्टर राणी मारियांचं काय झालं ते मलाही माहीत आहे. देवास जिल्ह्यात भूमिहीन मजुरांना त्या सावकाराच्या वहीतून सोडवत होत्या, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवून देत होत्या. म्हणजे बघ, फॉर्मच भरत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला यायच्या बसमध्ये सगळ्यांदेखत त्यांना भोसकलं. एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. मी तेव्हा तुझं नर्सरीचं ॲडमिशन करण्यात गुंतले होते. पेपरात वाचलं, हळहळले आणि पान उलटलं.

पुढचं काकूंनी सांगितलं. ज्या समंदरसिंगने वार केले, त्याला सिस्टरांची धाकटी बहीण सेल्मी पॉल तुरुंगात जाऊन राखी बांधून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या, २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदुरातच चर्चने सिस्टरांना "धन्य" (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा तोही आला होता. खरं सांगते, माझ्याच्याने हे झालं नसतं. काकूंनाही विचारलं. त्या कणीक मळत होत्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "वहिनी, मला पिशवी उघडायला लावणाऱ्या पोराचं तोंड अजून डोळ्यांसमोरून जात नाही. राखीचं काय विचारता!" त्या दिवसापासून मला त्या जास्त आवडायला लागल्या.

तेव्हा मी जाणार. मंगळवार मात्र सोडते, तुझ्या समाधानासाठी आणि डॉक्टरांच्याही. शनिवार ठेवते. जिन्याचं काम काकू करतात, मी खाली बसून फॉर्म भरते. कट्ट्यावर बसायला घडीची खुर्ची घेतली आहे, साडेसातशेला.

पाच हजार पाठवू नकोस. आमच्या थर्मासचं बूच गळतं, मागच्या वेळी पिशवीतले दोन आधारकार्डाचे झेरॉक्स भिजले. दोन लिटरचा, स्टीलचा, तोंड रुंद असलेला बघ, म्हणजे झाकणात मोठ्या माणसाचा अंगठा नीट मावेल.

सूनबाईंना आशीर्वाद, पिल्लाला पापा.

तुझी,
आई

ता. क. डिसेंबरात येणार असशील तर नाताळ धरून ये. काकूंच्या करंज्या असतात, आपल्या दिवाळीच्यापेक्षा सारण जास्त. हे मी लिहिलं असं त्यांना सांगू नकोस, चकल्यांवरून आमचं आधीच चालू आहे.