व्हेर्नात्साला जाण्याआधी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

इटलीच्या किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेरेच्या पाच गावांतलं व्हेर्नात्सा निवडलंत, ते उत्तम केलंत. कोर्निल्याला स्टेशनपासून गावात चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. व्हेर्नात्साला स्टेशनचा जिना उतरलात की एकच रस्ता, व्हिया रोमा, हलक्या उताराने थेट बंदरावर जातो.

राहायच्या खोल्या मात्र बहुतेक जुन्या उंच घरांत, लिफ्ट नसलेल्या. बुकिंग करताना कितवा मजला हे विचारू नका. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, हे विचारा. पहिला मजलाच बोळातल्या चढावर असू शकतो. बाबांचा गुडघा पाहता मला तर शेजारच्या मोंतेरोस्सो गावाचा फेजिना भाग जास्त पटतो. तो सपाट आहे, स्टेशनला लागून आहे आणि तिथून व्हेर्नात्सा पुढचंच स्टेशन.

कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. तिकीट खरं असलं तरी शिक्क्याविना दंड होतो. व्हेर्नात्साचा फलाट थोडा बोगद्यात आहे. डबा अंधारात थांबला की स्टेशन आलंच नाही असं वाटतं, आणि दारही आपण बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. तेव्हा आधीच उठून दाराशी उभे राहा. संप असेल तर कामाच्या दिवशी 6 ते 9 आणि 18 ते 21 या वेळांत लोकल गाड्यांची किमान सेवा मिळते. बोटीची हौस असेल तर समुद्र शांत असतानाच. चढ-उतार अरुंद फळीवरून असतो आणि बोट हलत असते.

सकाळी दहाच्या आत पोहोचा, नंतर क्रूझवाल्यांचे तांडे येतात. दुपारी तीन ते सात बरीच रेस्तराँ बंद असतात. आई, तुझ्यासाठी फारिनाता: बेसनाचं, भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडंच. बाकी काही मागवताना ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे’ (मांस नको, मासे नको) म्हण आणि ‘आच्यूगे’ वेगळं विचार. ती बारीक मासळी सॉसमध्ये दिसत नाही.

ऑक्टोबर अखेर टाळा. व्हिया रोमाखालून ओढा वाहतो. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात डोंगरातला चिखल याच रस्त्याने आला आणि खालची दुकानं गाडली गेली. मे किंवा सप्टेंबरची सुरुवात बघा, आणि पायऱ्यांचं उत्तर आलं की पैसे भरण्याआधी मला पाठवा.

तुमची,
मनू